गोटा कुणाचा?



कापसाचा भाव सोडून ही मंडळी गोट्यांवर का लिहायला लागली, असे तुम्हाला वाटेल. रेती चाळली की चाळणीवर जो उरतो, तो हरभऱ्यापासून बोरापर्यंतच्या आकाराचा गोल गुळगुळीत गोटा. गवंडी तो पायाने बाजूला सारतो, पोरे गलोलीला नेतात, उरलेला गोठ्यापुढच्या चिखलात पडतो. आपल्या लेखी त्याची किंमत शून्य. सरकारच्या लेखी मात्र तो खनिज आहे. 1957 सालचा खाणी व खनिजांचा कायदा काढून पाहा. गौण खनिज कशाला म्हणायचे ते सांगताना इमारतीचा दगड, साधी माती, साधी वाळू यांच्या रांगेत गोट्याचे नाव घातलेले आहे. आणि शहराच्या लेखी तो शोभेची वस्तू आहे. शेतकऱ्याच्या ट्रॉलीत सापडला तर मुद्देमाल, बंगल्याच्या दारात पसरला तर सौंदर्य. ही जादू कशी होते ते आज नीट बघू.

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही मोठ्या नर्सरीत जा. गोटे थैल्यांत भरून किलोने विकायला ठेवलेले दिसतील. पांढरे वेगळे, काळे वेगळे, घासूनपुसून चकचकीत केलेले वेगळे. भाव विचारा आणि कागदावर लिहून घ्या. त्याच्या शेजारी संकरित ज्वारीचा 2025-26 चा हमीभाव लिहा: क्विंटलला 3699 रुपये, म्हणजे किलोला 37 रुपये. तोही खरेदी केंद्र उघडले तर, आणि ज्वारी काळी पडली म्हणून परत पाठवली नाही तर. ज्वारीला वखरणी लागते, पेरणी, राखण, कापणी, मळणी लागते. गोटा नदीने फुकट घडवला आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा. आम्ही काही बोलत नाही.

बंगल्यात हा गोटा कुठे कुठे जातो? फाटकापासून पोर्चपर्यंतच्या गाडीच्या वाटेवर, हिरवळीच्या कडेला, झाडांच्या आळ्यात, पागोळ्या पडतात त्या पट्टीत, आणि जमिनीखाली, पाणी काढून देणाऱ्या चरात. यातल्या गाडीच्या वाटेचे आम्हाला हसू येते. गोल गोटा एकमेकाला धरून बसत नाही. चाकाखाली तो घरंगळतो, वळणावर बाजूला उडतो, थर जाड झाला तर चाक रुतते. म्हणून खाली मुरूम दाबून घट्ट करायचा, वर दोन बोटांचाच थर द्यायचा, दोन्ही कडांना दगड किंवा विटा उभ्या लावून त्याला कोंडून ठेवायचे, आणि दरवर्षी माणूस लावून पसरलेले गोटे परत ओढून घ्यायचे. फोडलेल्या खडीचे तसे नाही. तिला कोपरे असतात, ती एकमेकीत अडकून बसते. तेव्हा तुमच्या गावात कुणी पाणंदीवर गोल गोटे टाकण्याची टूम काढली तर त्याला तिथेच थांबवा. पाणंदीला कोपऱ्याची खडी आणि मुरूमच पाहिजे. गोट्यावर बैल घसरेल आणि ट्रॅक्टर नाचेल.

पाणी काढून द्यायच्या कामात मात्र गोटा खरा गुणाचा. सारख्या आकाराचे गोटे ढिगाने पडले की त्यांच्यामध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा मोकळी राहते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ब्रासभर गोट्यांत पस्तीस-चाळीस घनफूट पोकळी असते, म्हणजे हजार लिटरच्या आसपास पाणी त्यात मावते आणि वाट मिळाली की निघूनही जाते. फोडलेली धुतलेली खडी हे काम जवळजवळ तितकेच करते, दुकानदार काहीही सांगो. गोट्याचा फायदा इतकाच की नदीने तो आधीच धुऊन दिलेला असतो, त्यात भुकटी नसते आणि पाइपाला टोचत नाही.

आता गंमत ऐका. बंगल्याच्या हिरवळीखाली गोटे आणि पाइप घालून जो चर करतात त्याला इंग्रजीत 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. बांधकामवाले ते नाव असे घेतात की जणू पॅरिसहून आले आहे. फ्रान्स देशाशी त्याचा संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाचा अमेरिकेतला एक वकील होता, त्याला शेतीचा नाद होता. 1859 साली त्याने शेतातल्या पाण्याच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिले, त्यात या चराची माहिती दिली, म्हणून त्याचे नाव चिकटले. म्हणजे ही विद्या मुळात शेताची. पाणी साचून पीक सडू नये म्हणून ती लिहिली गेली. आज ती कुठे सापडते? जिथे एक कणीस पिकत नाही अशा हिरवळीखाली.

आणि जिथे तिची खरी गरज आहे ते रान कोणाचे? आपले. आपण कोरडवाहूवाले, आपल्याला पाण्याचा दुष्काळ, मग निचरा कशाला, असे मुंबईत बसलेल्यांना वाटते. काळ्या जमिनीत ज्याने कपाशी लावली आहे त्याला विचारा. महिनाभर आभाळाकडे बघायचे आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. काळी माती पाणी पिऊन फुगते, तिची भोके बंद होतात, पाणी वर उभे राहते. ताणानंतर असे पाणी साचले की पात्या-बोंडांनी लगडलेले झाड दोन दिवसांत माना टाकते. कृषी विद्यापीठवाले त्याला आकस्मिक मर म्हणतात. औषध मारायचे ते नंतर. त्याआधी पाणी बाहेर काढायचे असते, आणि ते बाहेर काढायला चर नसतो.

सगळ्या रानात गोटे भरा असे आम्ही म्हणणार नाही. ते परवडणारही नाही. आधी उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा सरी, धुऱ्याच्या कडेने उघडा चर. हे बिनपैशाचे काम पहिले. पण प्रत्येकाच्या रानात एक तुकडा असा असतो की तो बापजाद्यांपासून चिबडच आहे. तिथे उताराच्या दिशेने कमरेइतका खोल चर घेऊन, तळाशी गोटे आणि वर जाड रेती भरली तर तो तुकडा सुटतो. काळी माती थेट गोट्यांवर लोटू नका, एका पावसाळ्यात चर लिंपून जाईल. विहीर किंवा बोअर पुनर्भरणाच्या खड्ड्यातही हाच हिशेब: सर्वांत खाली मोठे दगड, मधे गोटे, वर रेती. गाळ वरच्या रेतीत अडकतो. पावसाळ्याआधी वरची वीतभर रेती काढून धुऊन परत टाकायची. म्हणजे चाळणीवरचा जो गोटा आपण फेकतो, तोच आपल्या विहिरीची गाळणी आहे.

मग न्या की नाल्यातून चार ट्रॉल्या! इथे गोष्ट अडते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 48. प्रत्येक कार्यकर्त्याने हे कलम वाचलेच पाहिजे. जमिनीवर असो की जमिनीखाली, कुठेही सापडणाऱ्या सर्व खनिजांचा हक्क राज्य सरकारचा, असे त्यात जाहीर केले आहे. कुठेही म्हणजे कुठे तेही लिहून ठेवले आहे: जुने ढीग, खड्डे, शेते, बांध, नाले, खाड्या, नदीपात्रे. शेते आणि बांध सुद्धा, लक्षात घ्या. सातबारा तुमचा, धुरा तुमचा, सारा तुम्ही भरलेला. त्यातला गोटा सरकारचा. परवान्याशिवाय नेला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. स्वामित्वधन 2021 पासून ब्रासला 600 रुपये झाले. आणि ट्रॅक्टर पकडला तर 2018 च्या नियमांप्रमाणे तो सोडवायला एक लाख रुपये. ब्रासभर गोट्यासाठी एक लाख! यवतमाळ-परभणीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने एक लाख कुठून आणायचे? दंड भरायला तो कापूस विकतो, किंवा ट्रॅक्टरच विकतो. तोवर ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात गंजत उभा, आणि इकडे पेरणीचा वाफसा निघून जातो. वाफशाची नुकसानभरपाई कोणत्या नियमात आहे?

आमच्या कोकणातल्या भावांनी एकेकाळी खोत पाहिला. जमीन कसणारा एक, मालक म्हणवणारा दुसरा. चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली खोती मोडण्याचे विधेयक मांडले. अखेर 1949 च्या कायद्याने खोती गेली. जमिनीवरचा खोत असा गेला. जमिनीखालचा खोत मात्र 1966 साली नव्याने गादीवर बसला, आणि त्याची खोती साऱ्या महाराष्ट्रावर आहे.

जमिनीखालचे सगळे सरकारचे, हे काही आभाळातून पडलेले सत्य नाही. 8 जुलै 2013 रोजी केरळातल्या मलबारच्या जमीनमालकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्याने काढून घेतली नसेल तर खालच्या खनिजाची मालकी साधारणपणे जमिनीच्या मालकाबरोबर जाते. वकील मंडळी लगेच म्हणतील, महाराष्ट्रात कलम 48 आहे, तिथे तो निकाल आपोआप चालणार नाही. बरोबर आहे. म्हणून तर मागणी कलम 48 बदलण्याची करायची. एका कायद्याने घेतलेले दुसऱ्या कायद्याने परत करता येते.

हाच कायदा मोठ्यांच्या बाबतीत कसा वाकतो ते बघायचे असेल तर दिघीला जावे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करीत 753 एफ हा राष्ट्रीय महामार्ग रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला पोचतो. श्रीवर्धन तालुक्यातले गाव, राजपुरीची खाडी, जवळच जंजिरा, पलीकडच्या तीरावर आगरदांडा. काळ्या दगडाचा किनारा आणि मागे डोंगर. आपल्या रानापासून शेकडो मैल दूर. पण तिथे एकाच गावात दोन मापे आहेत, आणि ती मैलभराच्या आत दिसतात.

पहिले माप गावकऱ्याचे. 19 फेब्रुवारी 1991 रोजी केंद्राने किनारपट्टी नियमनाची अधिसूचना काढली. पुढे 2011 आणि 2019 साली ती नव्याने आली. तिन्ही वेळा किनाऱ्यावरची वाळू, दगड आणि खालचा थर खणण्यावर बंदी राहिली. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे झाड पुन्हा उत्पन्नावर यायला वर्षे लागतात, कपाशीसारखे ते पुढच्या जूनमध्ये लावून डिसेंबरात वेचता येत नाही. वाडीतले पाणी काढायच्या पाटात भरायला किनाऱ्यावरचे गोटे आणावेत म्हटले, तर तेही उत्खनन ठरू शकते.

दुसरे माप बंदराचे. त्याच अधिसूचनेत बंदरासाठी भराव, धक्का, गाळ काढणे याला परवानगीची वाट ठेवलेली आहे. 2002 साली दिघी बंदर खासगी कंपनीला दिले गेले. ती कंपनी कर्जात बुडाली, 2018 साली दिवाळखोरीत गेली, आणि 2021 साली अदानी पोर्ट्सने 705 कोटी रुपयांना बंदर घेतले. कंपनी बुडाली तर कर्ज कापून, बसवून, नव्या मालकाला स्वच्छ करून देण्याचा कायदा आहे. शेतकरी बुडाला तर? असो, तो वेगळा लेख आहे. 28 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बारा नवी औद्योगिक शहरे मंजूर केली, त्यात दिघीचे नाव आहे, सुमारे सहा हजार एकरांचे. या सहा हजार एकरांच्या सपाटीला, रस्त्यांना, गटारांना किती खडी, किती मुरूम, किती गोटा लागेल त्याचा अंदाज तुम्हीच करा. तो परवान्याने येईल, पावतीने येईल, डंपरच्या रांगा लागतील. कागद ज्याच्याकडे आहे त्याला डोंगर सुद्धा मिळतो. कागद करायला ज्याच्याकडे कारकून नाही त्याला टोपली मिळत नाही.

किनाऱ्यावर खणण्याची बंदी उठवा, असे आम्ही मागत नाही. किनाऱ्यावरचे गोटे लाटेचा मार खातात म्हणून आतली वाडी वाचते. नदीचेही तसेच. पात्रातली रेती आणि गोटे पावसाचे पाणी धरून ठेवतात, आणि काठच्या विहिरी त्यावर उन्हाळाभर जगतात. रात्री जेसीबी लावून पात्र खरवडले की पुढच्या मार्चमध्ये काठच्या विहिरींना तळ दिसतो. ती रेती चोरणारा आमचा नाही, मग तो आमच्या गावचा, आमच्या जातीचा, आमच्या पक्षाचा का असेना. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाच्या दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे ठरवले, ते योग्यच झाले. आमचे भांडण वेगळे आहे. ज्याची विहीर आटणार त्याला पात्राच्या लिलावात शब्द नाही, आणि ज्याला घरच्या चरासाठी चार ट्रॉल्या पाहिजेत त्याला चोर ठरवले जाते. लिलाव जिल्ह्याला होतो, पैसा मुंबईला जातो, कोरडी विहीर गावात राहते.

शहाणे लोक कसे लढतात ते पुण्याच्या बिल्डरांकडून शिका. पाया खणताना निघालेल्या मातीवर सरकारने त्यांच्याकडे स्वामित्वधन आणि दंड मागितला. ते रडत बसले नाहीत, त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 3 डिसेंबर 2014 रोजी निकाल लागला: माती खणली एवढ्यावरून आकारणी करता येणार नाही, ती कशासाठी वापरली ते आधी पाहावे लागेल. नोटिसा रद्द झाल्या. निकाल मातीचा आहे, गोट्याचा नव्हे, हे आम्हाला कळते. पण बिल्डरचा पाया आणि शेतकऱ्याची विहीर यांत फरक काय? दोघेही खणतात ते खनिज विकण्यासाठी नाही. विहिरीतून निघालेला दगड-मुरूम आपल्याच धुऱ्यावर, आपल्याच चरात, आपल्याच वाटेवर पडतो. बिल्डरला जो न्याय, तो विहिरीला लावा, एवढेच मागणे आहे.

सडका-रेल्वेवाल्यांचे लाडही पाहून ठेवा. 28 मार्च 2020 रोजी, सारा देश टाळेबंदीत घरात कोंडलेला असताना, केंद्राने रस्ते आणि पाइपलाइन यांसारख्या लांब कामांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. किती माती, कुठली, कशी, काही मर्यादा नाही. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. चार वर्षे ती चालली, हे विसरू नका.

त्याच सुटीच्या यादीत आपल्या कामाच्याही ओळी आहेत आणि त्या आपल्याला कुणी सांगत नाही. 15 जानेवारी 2016 ची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची अधिसूचना, परिशिष्ट नऊ. पुरानंतर शेतात साचलेली रेती शेतकऱ्याने काढणे, ग्रामपंचायत हद्दीतून स्वतःच्या किंवा गावच्या कामासाठी रूढीप्रमाणे रेती-माती नेणे, सिंचनासाठी किंवा पिण्यासाठी विहीर खणणे, या कामांना पर्यावरण मंजुरी लागत नाही. नीट समजून घ्या, ही सूट पर्यावरण मंजुरीपुरती आहे. स्वामित्वधन आणि कलम 48 यांची तलवार वेगळी, ती तशीच टांगलेली राहते. तरीही 'तुमच्याकडे पर्यावरणाची परवानगी कुठे आहे' असे कुणी दरडावले तर ही अधिसूचना पुढे करा. तलाठ्याने ती वाचलेली असेलच असे नाही, त्यालाही एक प्रत द्या.

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत तो असा. स्वतःच्या रानातला गोटा, दगड, मुरूम स्वतःच्या शेतीकामाला वापरला तर स्वामित्वधन नाही, परवाना नाही, गट बदलून रस्ता ओलांडावा लागला तरी नाही. विहिरीतून निघालेल्या मालाची विल्हेवाट शेतकरी लावील. नाल्यातून घरच्या चरासाठी आणि पुनर्भरणासाठी किती न्यायचे ते ग्रामसभा ठरवील, यंत्राशिवाय आणि उन्हाळ्यातच. काठच्या विहिरीवाल्यांची सही असल्याशिवाय पात्राचा लिलाव नाही. आणि पहिल्यांदा सापडलेल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर हंगामात जप्त करायचा नाही, दंड काय करायचा तो सुनावणी घेऊन करा.

बैठकीला येताना ज्यांच्या ट्रॅक्टरवर दंड बसला आहे त्यांनी पंचनाम्याची, नोटिशीची आणि भरलेल्या पावतीची झेरॉक्स आणावी. पंचनाम्यावर माल किती ब्रास लिहिला आणि ट्रॉलीत प्रत्यक्षात किती मावतो, ते फुटाने मोजून मागच्या बाजूला लिहावे. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, शंभराने भागा, म्हणजे ब्रास निघतो.